चार वाजताची बशी

सोनगीर माझं आजोळ. धुळ्याहून शिरपूरच्या गाडीत बसलं की वीसेक किलोमीटरवर, मुंबई-आग्रा रस्त्यालगत, टेकडीवरचा फारुकींच्या काळातला किल्ला दिसायला लागतो. सुट्टीत तिथे गेल्यावर आम्हा मुलांना घड्याळ लागत नसे. तांब्या-पितळेच्या भांड्यांसाठी नावाजलेलं हे गाव, त्यामुळे सकाळपासून कुठे ना कुठे पत्र्यावर हातोडी चालू असायची. दुपारी चारच्या सुमाराला ठोके थांबत. ते थांबले, की मोठी मामी स्टोव्हला पंप मारायला बसे. गावाचा चहा झाला म्हणजे घराचाही व्हायला हवा.

त्या चहाबरोबर प्रत्येकाला एक पितळी बशी मिळे. तीत चिमूटभर बारीक शेव, बिबड्याचा एक तुकडा, मूठभर खारोड्यांत मिसळलेले कच्चे शेंगदाणे आणि असलीच तर पाव सांजोरी. पाव म्हणजे खरोखर पाव, चाकूने कापलेली. दुसऱ्यांदा मागायचं नाही, हा नियम. “पोट रातले भरजो, आते तोंड हालाव,” असं आजी म्हणायची. बशीतलं सगळं इतकं हलकं असे की चहा संपायच्या आत संपून जाई, पण जिभेवर दिवेलागणीपर्यंत राही.

गेली पंचवीस वर्षं मी या बशीच्या मागावर आहे. ज्या घरी चहाला जाते तिथे बशीत काय काय होतं ते घरी येऊन वहीत लिहून ठेवते. अशा सात वह्या भरल्या आहेत. त्यांच्या आधारावर एक गोष्ट मी आता ठामपणे सांगू शकते. खान्देश म्हटलं की लोकांना शेवभाजी, भरीत, ठेचा, कळण्याची भाकरी एवढंच आठवतं. झणझणीत, रांगडं, तेलाचा तवंग असलेलं. हे सगळं आमचंच आहे आणि मला प्रिय आहे. पण खापरावरचा मांडा, पाण्याच्या हाताने थापलेला बिबडा, वाळून काचेसारखी झालेली कुरडई हे पदार्थही याच मुलखातले. चहाच्या बशीतला नाजूकपणा आमच्याकडे लोण्यातून किंवा सायीतून आला नाही, तो पातळपणातून आला.

थोडं साहेबांच्या चहाविषयी सांगायला हवं. बेडफर्डची डचेस ॲना हिने 1840 च्या आसपास दुपारच्या चहाची प्रथा पाडली असं सांगतात. तिकडे रात्रीचं जेवण आठापर्यंत लांबायला लागलं होतं, दुपारी तिला ग्लानी येई, म्हणून खोलीत चहा आणि ब्रेड-लोणी मागवलं गेलं. पुढे कडा कापलेली काकडीची सँडविचेस, स्कोन, छोटे केक आणि तीन मजली तबकं आली. आपल्या हॉटेलांत आणि हल्ली लग्नपत्रिकांत याला ‘हाय टी’ म्हणतात, ते चूक आहे. विलायतेत हाय टी म्हणजे कामकरी माणसाचं कामावरून आल्यावरचं संध्याकाळचं भरपेट जेवण, मांस-बटाट्यासकट, उंच टेबलाशी बसून घ्यायचं. नाजूक खाण्याचा तो चहा नव्हेच. भूक मात्र तिकडची आणि इकडची एकच. शेतावर जाणाऱ्या घरात सकाळची भाकरी लवकर होते, रात्रीचं पान दिवा लागल्यावर. मधल्या लांब उन्हात पोटाला आधार लागतो.

चहाबरोबरचा पदार्थ किती महाभारत घडवू शकतो, हे मराठी माणसाला 1890 मध्येच कळलं. पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये गोपाळराव जोशी यांनी बड्या मंडळींना बोलावणं घडवून आणलं, समोर चहा-बिस्किटं आली आणि नंतर हजर असलेल्यांची नावं ‘पुणे वैभव’ पत्रात छापली गेली. टिळक त्यांत होते, न्यायमूर्ती रानडेही होते. जातबहिष्काराचं ग्रामण्य उभं राहिलं आणि प्रायश्चित्तापर्यंत गेलं. एका बिस्किटापायी! हा प्रसंग मी शाळेत असताना पहिल्यांदा ऐकला, तेव्हा मला वादापेक्षा ते बिस्किट कसं होतं याचीच उत्सुकता वाटली होती. खारं होतं की गोड? ते अजून मनात आहे.

खान्देशात भट्टीचा खाऊ आला त्याची एक वाट सुरतेची. नानकटाईचं मूळ सुरतच्या बेकऱ्यांत सांगतात, डच व्यापाऱ्यांच्या भट्ट्या पुढे पारशी हातांत गेल्या त्या काळात. सुरतेहून तापीच्या खोऱ्यातून नंदुरबार, अमळनेरवरून जळगावकडे येणारा लोहमार्ग आमच्या मुलखाला गुजरातशी जोडतो, त्यामुळे नानकटाई, खारी, खाखरा हे आमच्या बशीत परके वाटत नाहीत. जळगावच्या बाजूने, रावेर-यावलच्या बागांतून, कच्च्या केळ्याचे वेफर्स आले. जळगावच्या केळ्याला 2016 मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. हे सगळं चांगलंच आहे. पण मला घाई झाली आहे ती सोऱ्याकडे यायची.

माझ्या मते चहाच्या बशीचा खरा धनी सोऱ्या. आमच्या आजोळी दोन होते. एक लाकडी, त्याच्या तळाला पितळी ताटली बसवलेली. दुसरा अख्खा पितळी, फिरकीचा, उचलला तर मनगट दुखेल असा. पितळ म्हणजे तांबं आणि जस्त यांचं मिश्रण. ते ओतता येतं, कातता येतं, आणि भोकाची कड धारदार व गुळगुळीत राहते. कड खरबरीत असली की शेवेला काटे येतात आणि ती तळताना तुटते. मोठ्या मामीकडे पाच ताटल्या होत्या : तारेची शेव, जाड शेव, कुरडई, चकली आणि पट्टीची. त्या ती दोऱ्यात ओवून, धुऊन-पुसून, माळेसारख्या खुंटीला टांगायची. शेजारणी मागायला येत तेव्हा सोऱ्या द्यायची, पण तारेच्या शेवेची ताटली घराबाहेर जाऊ द्यायची नाही. तिचं एक भोक जरी सुईने मोठं केलं गेलं तर पूर्ण घाणा बिघडतो, असं तिचं म्हणणं. ते शंभर टक्के खरं आहे. एक धागा जाड आला की बाकीचे तळून होईतो तो आतून मऊच राहतो. त्याच्यासाठी थांबलं तर बाकीचे लाल होतात.

तारेची शेव करायची तर ओवा कुटून कोमट पाण्यात भिजवायचा आणि ते पाणी फडक्यातून गाळून घ्यायचं. ओव्याचा अख्खा दाणा त्या भोकातून जात नाही, अडकून बसतो. बेसनही दोनदा चाळायचं. हिंग पाण्यात विरघळवून घालायचा. कडकडीत तेलाचं मोहन आणि सैलसर पीठ. कढईत घातलेली शेव एका मिनिटाच्या आत निघते. फेस कमी झाला, की उलटायची आणि लगेच काढायची. मामी कढईकडे बघत नसे, ऐकत असे. सुरुवातीला तेल जोरात चरचरतं, मग आवाज बारीक होतो. पाणी संपत आल्याची ती खूण. मीही आता कानानेच शेव तळते.

आणि हाच सोऱ्या उन्हाळ्यात कुरडयांना लागतो. दिवाळीची शेव आणि वैशाखातली कुरडई एकाच नळीतून बाहेर येते, याचं मला लहानपणापासून अप्रूप आहे. गहू तीन दिवस भिजवायचे, रोज पाणी बदलायचं, मग वाटून चोथा पिळून काढायचा. पांढरं पाणी रात्रभर ठेवलं की खाली सत्त्व बसतं. वरचं पाणी ओतून तो चीक मीठ घातलेल्या उकळत्या पाण्यात घोटायचा. पांढरेपणा जाऊन चीक पारदर्शक व्हायला लागला की शिजला. गार झाला की तो घट्ट होतो आणि सोऱ्यातून हलत नाही, म्हणून गरम असतानाच भरायचा. पितळ तापतं, सोऱ्या फडक्यात धरावा लागतो. हे सगळं उन्हं चढायच्या आत, म्हणजे पहाटे पाचला सुरू. खाटेवर धुतलेलं जुनं पातळ पसरलेलं, त्यावर मामी गोल गोल कुरडया घालत जायची आणि आम्ही मुलं वाटीत उरलेला गरम चीक दूध-साखर घालून खायचो. नंतर दिवसभर कावळे हाकलायचं काम आमचं. धुळ्याकडचं मे महिन्याचं ऊन चाळीस अंशांच्या वर जातं. माणसाला ते सोसवत नाही, कुरडईला मात्र दोन दिवसांत खडखडीत करून टाकतं. ओलसर हवेत अशी कुरडई होणं कठीण. कोकणातल्या माझ्या मैत्रिणीने दोनदा करून पाहिली, दोनदा बुरशी आली.

बिबड्याला सोऱ्या लागत नाही, पण त्याच्याशिवाय ही बशी पुरी होत नाही. ज्वारी भिजवून आंबवायची, कांडून किंवा दळून तिची कणी घ्यायची, तीळ, जिरं, लसूण, मिरची घालून उकड काढायची आणि ओल्या कापडावर हाताला पाणी लावून थापायची. थापताना कापडाचा रंग खालून दिसला पाहिजे. वाळलेला बिबडा भाजतात, तळतात. पण अर्धवट वाळलेला, अजून लवचीक असलेला बिबडा वर कच्चं शेंगदाण्याचं तेल सोडून खातात, ते सुख ज्यांनी घेतलं नाही त्यांच्याबद्दल मला वाईट वाटतं. खारोड्या बाजरीच्या. भरड शिजवून, तीळ-लसूण घालून, चिमटीने लहान लहान ठिपके टाकून वाळवलेल्या. त्या तळायच्या नाहीत, तशाच खायच्या, कच्च्या शेंगदाण्यांबरोबर. दातांखाली कुरकुरत विरघळतात. गोड चहाच्या घोटानंतर त्यांचा आंबूस खारटपणा जसा उठतो, तसा कोणत्याही बिस्किटाचा उठत नाही.

गोडाचं मी थोडक्यात सांगते, कारण माझा ओढा खाऱ्याकडे. सांजोरी म्हणजे रवा-गुळाचा सांजा भरून तळलेली पुरी. चहाला ती दुसऱ्या दिवशीची चांगली, कारण पापुद्रा मुरतो. दराबा म्हणजे भाजलेल्या पिठाचा लाडू, त्याची रीत घरागणिक बदलते. आमच्याकडे भाजणी खमंग झाली की तूप आणि पिठीसाखर परातीत हाताने फेसत. अर्धा-पाऊण तास. तूप पांढरं, हलकं होऊन हाताला थंड लागायला लागलं की भाजलेलं पीठ मिसळायचं. तो लाडू तोंडात चावावा लागत नाही. चहाबरोबर सुपारीएवढाच द्यावा. मोठा लाडू चहाच्या वेळी देणं मला अजिबात पटत नाही.

भांड्यांचा विषय निघालाच आहे तर एक प्रसंग सांगते. लग्न झालं त्या वर्षी आजोळून मला मोठा पितळी डबा मिळाला होता. मी त्यात दिवाळीचा चिवडा भरला, वरून लिंबू पिळून. तिसऱ्या दिवशी चिवडा कळकला. कडेच्या पोह्यांना हिरवट छटा आणि जिभेला ओकारी येईल अशी चव. सगळा चिवडा टाकावा लागला आणि मी रडले. डब्याची कल्हई गेलेली होती आणि मला ती बघायची असते हेच ठाऊक नव्हतं. मामी धुळ्याला आली तेव्हा तिने डबा उघडून आत बोट फिरवलं आणि विचारलं, “चकाकी कुठे गेली गं?” मग तिने मला कल्हईवाल्याजवळ उभं केलं. भांडं तापवायचं, नवसागराची पूड टाकायची, पांढरा धूर उठतो आणि पृष्ठभाग स्वच्छ होतो; लगेच कथलाचा तुकडा टेकवायचा. कथील 232 अंशांवरच वितळतं, त्यामुळे भांड्याला धक्का लागत नाही. कापसाच्या बोळ्याने ते फिरवलं की काळवंडलेलं पितळ डोळ्यांदेखत चांदीसारखं होतं. ते दृश्य मी त्यानंतर दर दोन वर्षांनी पाहते आणि अजून थांबून पाहते. शेव, शंकरपाळे, कुरडया कोरड्या असल्याने पितळेत खुशाल राहतात. लिंबू, चिंच, आमसूल ज्यात आहे त्याला कल्हईचा डबा किंवा काचेची बरणीच हवी.

मागच्या मे महिन्यात सोनगीरला गेले होते. मामी आता ब्याऐंशीची आहे, तिच्याने सोऱ्या दाबवत नाही. धाकटी सून दाबते, मामी बाजूला बसून वेटोळी मोजते. चारला चहा झाला. स्टीलच्या कपांत, पण बशा त्याच पितळी, चिंचेने घासलेल्या. माझ्या बशीत तारेची शेव होती. मी एक धागा उचलून उजेडात धरला, बोटांत फिरवला. शेवटपर्यंत एकसारखा. “ताटली तीच आहे ना?” मी विचारलं.

मामीने खुंटीकडे हात केला. माळेत चारच ताटल्या होत्या. पाचवी तिने पदराच्या गाठीतून सोडवली, पुसली आणि माझ्या हातावर ठेवली. “भोकं मोज,” म्हणाली, “आणि सुई लावू नको.”

मी मोजली. त्रेपन्न आहेत. या दिवाळीची शेव तिच्यातूनच पाडली, पहिला घाणा डब्यात भरून शिरपूरच्या गाडीने सोनगीरला पाठवला आहे.