साडेनऊशे वर्षांचा शेजारी

दिवाळीच्या सुट्टीत घरी पाहुणे आले की आपण मुंबईकर त्यांना राणीची बाग दाखवतो, गेटवे दाखवतो. आणि कुणी देवळांचा शौकीन निघालाच तर खजुराहो-कोणार्कच्या गप्पा मारतो. पण कर्जतच्या लोकलने जाऊन संध्याकाळी घरी परतता येईल इतक्या जवळ एक अव्वल दर्जाचे प्राचीन मंदिर उभे आहे, याची आठवण कितीजणांना होते? ते म्हणजे अंबरनाथचे शिवमंदिर!

वालधुनी नदीच्या काठी हे काळ्या दगडाचे देऊळ आहे. पांडवांनी ते एका रात्रीत बांधले आणि पहाट झाल्यामुळे शिखर अपुरे राहिले, असे गावकरी सांगतात. गोष्ट मोठी गोड. पण देवळाने आपला जन्मदाखला स्वतःच जपून ठेवला आहे. उत्तरेकडील दारावरच्या तुळईवर शके ९८२चा, म्हणजे इ. स. १०६०चा लेख कोरलेला आहे. तेव्हा उत्तर कोकणावर शिलाहार राजा मुम्मुणी याचे राज्य होते.

जुने दगडी देऊळ दिसले की ‘हेमाडपंती’ म्हणून मोकळे व्हायची आपल्याला सवय. परंतु यादवांचा मंत्री हेमाद्री तेराव्या शतकातला. हे देऊळ त्याच्या दोनशे वर्षे आधीचे! याच्या शैलीचे नाव भूमिज. शिखराच्या चार बाजूंना चार उभे पट्टे आणि त्यांच्यामधल्या जागेत चिमुकल्या शिखरांच्या ओळी, एकावर एक चढत गेलेल्या. मध्य प्रदेशातले उदयपूरचे विख्यात उदयेश्वर मंदिर याच शैलीचे. ते १०८० सालचे, म्हणजे आपल्या अंबरनाथचे धाकटे भावंडच.

आत गेलात की आधी मान वर करा. मंडपाच्या छतात कमान नाही. दगडाचा एकेक थर खालच्यापेक्षा किंचित पुढे सरकवत नेऊन घुमट मिटवला आहे. सारा भरवसा वजनाच्या तोलावर! मग पायऱ्या उतरून खाली गाभाऱ्यात जायचे. शिखराचा माथा आज शिल्लक नसल्याने वरून थेट आकाशाचा उजेड पिंडीवर उतरतो. बाहेरच्या भिंतींवर तर शिवाची नाना रूपे आणि सुरसुंदरी यांची दाटीच आहे. इथे चांगला तासभर काढावा.

या शिल्पांचे मोल जाणकारांनी फार पूर्वी ओळखले. १८६८ साली त्या वेळच्या मुंबई सरकारने कलाशाळेच्या विद्यार्थ्यांकरवी इथली मोजमापे, चित्रे आणि शिल्पांचे ठसे घेवविले. पण ठसा म्हणजे काही मूर्ती नव्हे. ऊनपावसाने कित्येक चेहरे पुसट झाले आहेत आणि भोवती वाढलेल्या वस्तीने व कारखान्यांनी नदीचे पाणी नासले आहे. पुरातत्त्व खाते देवळाची देखभाल करते. पण नदीकाठची राखण एकट्या खात्याच्या हातून कशी व्हावी? गावाला आणि आम्हा-तुम्हा पाहुण्यांनाही तिची लाज वाटायला हवी.

गेल्या खेपेला आमच्या धाकट्याने एका सुरसुंदरीकडे पाहून विचारले, “बाबा, हिचं नाक कुठं गेलं?” मी सांगितले, “पावसानं नेलं, थोडं माणसांनी नेलं.” तो क्षणभर गप्प राहिला आणि मूर्तीकडे जाणारा हात त्याने हळूच मागे घेतला.

या सुट्टीत मुलांना घेऊन एकदा जाऊन याच. शेजाऱ्याची विचारपूस करायला मुहूर्त कशाला हवा?