शहादे

महाराष्ट्र राज्याच्या नंदुरबार जिल्ह्यातील नगरपालिका असलेले एक शहर व याच नावाच्या तालुक्याचे मुख्य ठिकाण. लोकसंख्या सुमारे ६१ हजार (२०११). हे नंदुरबारच्या ईशान्येस, तापीची उपनदी गोमाई हिच्या काठी वसले आहे. शहरास लोहमार्ग नाही. सुरत–भुसावळ लोहमार्गावरील दोंडाईचे व नंदुरबार ही जवळची स्थानके होत. शहरालगतच्या लोणखेडा या गावी पूज्य साने गुरुजी विद्या प्रसारक मंडळाची महाविद्यालये असून त्यांमुळे हा परिसर तालुक्याचे शैक्षणिक केंद्र बनला आहे. पूर्वीच्या पश्चिम खानदेशात व नंतर धुळे जिल्ह्यात असलेला हा तालुका १ जुलै १९९८ रोजी नव्याने निर्माण झालेल्या नंदुरबार जिल्ह्यात समाविष्ट झाला.

तालुक्याचे दोन स्वाभाविक भाग पडतात. दक्षिणेस तापीकाठचा काळ्या, सुपीक जमिनीचा सपाट प्रदेश असून उत्तरेस सातपुड्याचा डोंगराळ पायथा आहे. कापूस, ऊस, केळी, पपई, गहू व मिरची ही येथील महत्त्वाची पिके होत. तापीवरील सहकारी उपसा सिंचन योजना आणि विहिरी यांमुळे बागायत वाढली. पुरुषोत्तमनगर येथील सातपुडा तापी परिसर सहकारी साखर कारखान्याने तिला बळ दिले. या कारखान्याच्या उभारणीत पी. के. अण्णा पाटील यांचा पुढाकार होता.

सपाटीवर गुजर, राजपूत, माळी, कोळी इ. समाज व व्यापारी वर्ग, तर पायथ्याकडे मुख्यत्वे भिल्ल व पावरा या आदिवासी जमाती राहतात. गुजर हे गुजरातमधून आलेले कष्टाळू शेतकरी असून त्यांच्या घरांत गुजरी बोली टिकून आहे. बाजारात अहिराणी व मराठी, तर आदिवासी वस्त्यांत भिलोरी व पावरी बोली ऐकू येतात. होळी हा आदिवासींचा सर्वांत मोठा सण असून तत्पूर्वी भरणारे भोंगऱ्या बाजार ही पावरा समाजाची विशेष प्रथा होय. सरदार सरोवर प्रकल्पात महाराष्ट्रातील ३३ गावे बाधित झाली. त्यांतील काही कुटुंबांच्या वसाहती या तालुक्यात झाल्याने नर्मदाकाठचे आदिवासीही येथे स्थायिक झाले आहेत.

या दोन भागांचा संबंध जमीन व मजुरी यांनी बांधलेला आहे. कर्ज, गहाणखत व कायद्याचे अज्ञान यांमुळे आदिवासींच्या पुष्कळशा जमिनी इतरांच्या हाती गेल्या आणि मूळचा जमीनधारक सालदार झाला. सालदार हा वर्षाच्या कराराने राबणारा गडी; आगाऊ घेतलेली उचल फिटेपर्यंत त्यास मालक सोडता येत नसे. १९३०–४० या दशकात तळोदे भागातील गुलाम महाराजांच्या आरती-चळवळीने आदिवासींत व्यसनमुक्तीचा व स्वाभिमानाचा प्रसार केला होता. मे १९७१ मध्ये पाटीलवाडी येथे धान्यासाठी जमलेल्या आदिवासींवर गोळीबार होऊन त्यात बळी गेला. त्यानंतर अंबरसिंग सुरतवंती यांच्या नेतृत्वाखाली व सर्वोदयी आणि अन्य तरुण कार्यकर्त्यांच्या साहाय्याने चळवळ संघटित झाली. ३० जानेवारी १९७२ रोजी शहादे येथे भूमुक्ती मेळावा भरला आणि त्याच वर्षी श्रमिक संघटना स्थापन झाली. जमिनी परत मिळाव्यात, मजुरी वाढावी व सालदारांना सुटी मिळावी, या तिच्या प्रमुख मागण्या होत्या. आदिवासी स्त्रियांनी दारूची मडकी फोडून चळवळीला घरापर्यंत नेले. अंबरसिंग १९७४ मध्ये निधन पावले.

अनुसूचित जमातींच्या जमिनी परत देण्याविषयीचा राज्याचा १९७४ चा अधिनियम १ नोव्हेंबर १९७५ रोजी अमलात आला. १ एप्रिल १९५७ ते ६ जुलै १९७४ या काळात बिगर-आदिवासींकडे गेलेल्या जमिनींना तो लागू आहे. १९७७ च्या रोजगार हमी कायद्याने मजुराला मालकाच्या शेताखेरीज दुसरे काम मागण्याचा हक्क मिळाला. तथापि जमीन कागदोपत्री परत मिळणे व ती कसण्यासाठी पाणी, बैल व भांडवल मिळणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. पायथ्याकडील अनेक कुटुंबे अद्यापही हंगामात ऊसतोडीसाठी गुजरातमध्ये जातात. सपाटीवरील समृद्धी ही ज्या श्रमावर उभी राहिली, त्यास तिचा वाटा कितपत मिळतो, यावरच तालुक्याच्या विकासाचे मोजमाप अवलंबून आहे.

तापी–गोमाई संगमावरील प्रकाशे ‘दक्षिण काशी’ म्हणून ओळखले जाते. तेथे १९५४-५५ मध्ये झालेल्या उत्खननात ताम्रपाषाणयुगापासूनच्या वसाहतीचे थर आढळले. सारंगखेडे येथे दत्तजयंतीस भरणारी यात्रा घोड्यांच्या बाजारासाठी प्रसिद्ध आहे. उनपदेव येथे उष्ण पाण्याचा झरा आहे.