‘वाय’ दाबण्याआधीची यादी

विंडोज १० चा नियमित सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. भिवंडीतल्या एखाद्या यंत्रमाग कारखान्याच्या किंवा काल्हेरच्या गोदामाच्या कचेरीत जुना पण धडधाकट संगणक असेल, तर त्यावर डेबियन लिनक्स जरूर टाकावं. मात्र प्रिंटर चालेना म्हणून इंटरनेटवर सापडेल ती कमांड चिकटवू नये.

कारण लिनक्समध्ये शेकडो प्रोग्रॅम काही लायब्ररी सामाईक वापरतात. ‘लिबसी’ तर जवळपास सगळ्यांनाच लागते. डेबियनच्या स्थिर आवृत्तीतली पॅकेजेस एकमेकांशी जुळतात की नाही हे तपासलेलं असतं. तिथे उबुंटूचा पीपीए (बाहेरचं पॅकेज-भांडार) किंवा डेबियनचीच ‘सिड’ ही अस्थिर शाखा जोडली, की नवा प्रोग्रॅम नवी लिबसी मागतो आणि तिच्यामागून इतर पॅकेजेसही ओढली जातात. ताण्यात मध्येच वेगळ्या नंबरचं सूत भरलं तर माग जसा अडखळेल, तसंच हे.

ही ओढाताण ‘ॲप्ट’ हा पॅकेजेस बसवणारा प्रोग्रॅम लपवत नाही. काय बसवणार, काय काढणार याची यादी दाखवूनच तो ‘वाय’ (हो) की ‘एन’ (नाही) असं विचारतो. काढायच्या यादीत डेस्कटॉपचं नाव दिसलं तर ‘एन’ दाबा. २०२१ मध्ये यूट्यूबर लायनस सेबॅस्टियनने पॉप ओएस या लिनक्सवर ‘स्टीम’ हे गेमचं ॲप बसवताना हाच इशारा ओलांडला आणि डेस्कटॉपच उडाला. दोष पॅकेजमध्ये होता, पण धोक्याची यादी पडद्यावर होती. मला तर ती यादी वाचणं हेच लिनक्स वापरण्यातलं पहिलं कौशल्य वाटतं. ॲप्टच्या कमांडला ‘-एस’ हा पर्याय जोडला, तर काहीही न बदलता नुसती रंगीत तालीम होते.

पायथॉनची पॅकेजेस बसवणारं ‘पिप’ही असंच जपून वापरावं. डेबियन १२ पासून ते सिस्टीमच्या पायथॉनमध्ये थेट काही बसवू देत नाही. जबरदस्तीच्या पर्यायाच्या नावातच ‘ब्रेक सिस्टीम’ आहे. त्याऐवजी ‘व्हेन्व’ने वेगळी जागा करावी.

एखाद्या प्रोग्रॅमची नवी आवृत्ती हवीच असेल तर आधी डेबियनचं बॅकपोर्ट्स पाहावं, नाहीतर फ्लॅटपॅक. फ्लॅटपॅक आपल्या लायब्ररी वेगळ्या ठेवतं.

तरीही बिघडलंच, तर ‘/व्हार/लॉग/ॲप्ट’मधली हिस्टरी फाइल उघडा. कोणत्या दिवशी, कोणत्या कमांडने काय बसलं आणि काय निघालं, ते तिथे वेळेसकट लिहिलेलं असतं. दुरुस्ती तिथूनच सुरू करायची.