खांदा शिवला, पण टिकला का?

खांद्याचं ऑपरेशन म्हटलं की आपल्याला आधी आठवतो सचिन. २००६ मध्ये लंडनला उजव्या खांद्याचं ऑपरेशन झालं आणि त्याच वर्षी क्वालालंपूरला वेस्ट इंडिजविरुद्ध नाबाद १४१ ठोकून स्वारी मैदानात हजर! पुढे २०१० मध्ये ग्वाल्हेरला वनडेत नाबाद २००. त्यामुळे आईचा हात वर जात नाही, एमआरआयमध्ये 'टेअर' आलाय, असं कळलं की घरातल्या तरुण मंडळींचा डायलॉग ठरलेला असतो, "करून टाकू ना, दुर्बिणीतूनच तर असतं!"

जरा थांबा. तिशीतल्या खेळाडूचा खांदा वेगळा आणि साठीतल्या आईचा वेगळा. छोटे छेद, लवकर डिस्चार्ज, हे सगळं खरंच. पण विचारायला हवा तो प्रश्न हा, की पाच-दहा वर्षांनी काय?

आत फाटतं काय?

दंडाच्या हाडाचं गोल डोकं चार स्नायूंनी मुठीत धरल्यासारखं धरलेलं असतं. त्यांच्या टोकाच्या टेंडन्सचा मिळून होतो 'रोटेटर कफ'. त्यात जास्त करून फाटतो तो वरचा, सुप्रास्पायनॅटस. दरवेळी पडायलाच हवं असं नाही. वयानुसार तो जुन्या चादरीसारखा विरत जातो. मग फळीवरचा डबा काढताना, दोरीवर कपडे वाळत घालताना कळ येते. रात्री त्या कुशीवर झोपवत नाही.

ऑपरेशनमध्ये सर्जन हाडात बारीक अँकर बसवतात आणि त्याच्या दोऱ्यांनी टेंडन पुन्हा हाडाला शिवतात. पण दोरा नुसता धरून ठेवतो. हाडाशी जोडून घ्यायचं काम शरीराचं, आणि खरी मेख तिथेच आहे.

आकडे काय म्हणतात?

२००४ मध्ये अमेरिकेतल्या सेंट लुईसच्या डॉक्टरांनी एक धक्का दिला. मोठे टेअर दुर्बिणीतून शिवलेल्या १८ जणांची त्यांनी किमान वर्षभरानंतर सोनोग्राफी केली, तर १७ जणांमध्ये टेंडन पुन्हा फाटलेला! आणि तरीही बहुतेकांचं दुखणं कमी झालं होतं, हातही वर जात होता. दुसऱ्या वर्षी मात्र हा फायदा थोडा ओसरला.

लगेच टेन्शन घेऊ नका, ते टेअर मोठे होते. २००५ मध्ये फ्रान्समधल्या नीसच्या टीमने फक्त सुप्रास्पायनॅटस फाटलेले ६५ पेशंट तपासले. ७१ टक्क्यांचा टेंडन भरून आला होता. पण पासष्टीच्या पुढच्यांत हे प्रमाण होतं फक्त ४३ टक्के. म्हणजे वय आणि टेअरची साइझ, दोन्हींना किंमत आहे.

मग ऑपरेशन टाळावंच का? नॉर्वेत छोट्या-मध्यम टेअरच्या १०३ पेशंट्सचे दोन गट केले, एकाला ऑपरेशन, दुसऱ्याला फिजिओथेरपी. (तिथे शिवण छेद घेऊन घातली होती, दुर्बिणीतून नाही. पण ब्रिटनच्या एका मोठ्या ट्रायलमध्ये दोन वर्षांनंतर या दोन पद्धतींच्या रिझल्टमध्ये खास फरक दिसला नव्हता.) पाच वर्षांनी ऑपरेशनवाले थोडेच पुढे होते. २०१९ मध्ये दहा वर्षांचा रिझल्ट आला, तेव्हा अंतर वाढलेलं होतं. दुसरीकडे, अमेरिकेत मार न लागता टेंडन फाटलेल्या ४५२ जणांना आधी फिजिओ दिली, तर दोन वर्षांत पाव हिश्श्याहून कमी लोक ऑपरेशनकडे वळले.

मग ठरवायचं कसं?

पडल्यावर किंवा झटका बसल्यावर अचानक हात उचलेनासा झाला असेल, तर मलम चोळत महिने घालवू नका, लवकर सर्जनना दाखवा. फाटलेला टेंडन काळानुसार आखडतो, स्नायूत चरबी साठते, मग शिवणंही अवघड. हळूहळू विरलेला टेअर असेल तर आधी दोन-तीन महिने मनापासून फिजिओ करून बघायला सहसा हरकत नसते. डायबेटिस ताब्यात आणणं आणि सिगरेट सोडणं हेही ट्रीटमेंटचाच भाग, कारण दोन्हींमुळे भरून येणं लांबतं.

डॉक्टरांना तीन प्रश्न बिनधास्त विचारा. या वयात, या साइझचा टेअर भरून येण्याचे चान्सेस किती? स्नायू अजून चांगला आहे का? आणि थांबलो तर काय बिघडेल?

चौथा प्रश्न घरच्यांनी एकमेकांना विचारायचा. ऑपरेशननंतर साधारण चार ते सहा आठवडे हात झोळीत, ताकदीचे व्यायाम जवळपास तीन महिन्यांनी, आणि खांदा पूर्ण रुळायला सहा महिने ते वर्ष. तेवढे दिवस पोळ्या कोण लाटणार, केस कोण विंचरून देणार, फिजिओला कोण नेणार? आधी ऑफिसात रजेचा अर्ज टाका, मग ऑपरेशनची तारीख घ्या.