टाकीला कुलूप हवेच, पण टाकीही एकच हवी

तामिळनाडूतील पुदुकोट्टै जिल्ह्यात वेंगैवयल नावाचे एक लहानसे गाव आहे. डिसेंबर २०२२ मध्ये तेथील दलित वस्तीतील मुले एकामागून एक आजारी पडू लागली. ताप, उलट्या, जुलाब. दवाखान्यात नेले तेव्हा डॉक्टरांना पिण्याच्या पाण्याचाच संशय आला. २६ डिसेंबरला वस्तीतील तरुण पाण्याच्या टाकीवर चढले आणि त्यांनी आत डोकावून पाहिले. दहा हजार लिटरच्या त्या टाकीत माणसाची विष्ठा टाकलेली होती. तेच पाणी वस्तीने प्यायले होते, त्यातच भात शिजवला होता, तेच लेकरांना पाजले होते.

वाचकहो, ही बातमी आम्ही कचेरीत जेवणाच्या सुट्टीत वाचली आणि डबा तसाच बंद केला.

दुसऱ्या दिवशी जिल्हाधिकारी आणि पोलीस अधीक्षक गावात आल्या. दोघीही महिला अधिकारी. चौकशीला बसल्या तर टाकीच्या प्रश्नाआधी दुसरेच बाहेर आले. गावातील चहाच्या दुकानात दलितांना वेगळे पेले होते आणि देवळात त्यांना प्रवेश नव्हता. जिल्हाधिकाऱ्यांनी त्याच दिवशी लोकांना सोबत घेऊन देवळाचे दार ओलांडले. हे झाले ते चांगलेच झाले. पण टाकीत घाण कोणी टाकली, याचे उत्तर मिळेना. जानेवारी २०२३ मध्ये तपास राज्याच्या गुन्हे अन्वेषण शाखेकडे गेला. मद्रास उच्च न्यायालयाने निवृत्त न्यायमूर्तींचा एकसदस्य आयोग नेमला. लोकांच्या डीएनएच्या चाचण्या झाल्या. आणि दोन वर्षांनी, जानेवारी २०२५ मध्ये, जे आरोपपत्र आले त्यात वस्तीतल्याच तीन तरुणांची नावे होती! वस्तीने ते साफ नाकारले, आम्हालाच आरोपी केले म्हणून लोक आक्रोश करू लागले आणि तपास केंद्रीय यंत्रणेकडे द्या अशी मागणी पुढे आली. खरे काय ते न्यायालय ठरवील, आम्ही निकाल देणारे कोण? पण आम्हाला येथे वेगळाच मुद्दा मांडायचा आहे. ती टाकी फक्त दलित वस्तीची होती. गावातील इतर कोणाच्या घरी तिचे पाणी जात नव्हते. ज्याने कोणी हे केले, त्याला एवढे पक्के ठाऊक होते की त्या टाकीतले पाणी कोणाच्या घशात उतरणार आहे.

पाणी नासवून माणसाला धडा शिकवायचा, ही रीत आपल्याला नवी नाही. २० मार्च १९२७ रोजी परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले. ते तळे सर्वांना खुले असल्याचा ठराव खुद्द महाड नगरपालिकेने १९२४ सालीच केलेला होता. तरीही आपली माणसे पाणी प्यायल्यावर तळे बाटले असे सनातन्यांनी ठरवले आणि त्याची शुद्धी केली. कशी? एकशे आठ घागरी पाणी उपसले आणि शेण, गोमूत्र, दूध, दही यांनी भरलेल्या घागरी मंत्र म्हणत तळ्यात बुडवल्या. पिण्याच्या पाण्यात शेण आणि मूत्र घालणाऱ्यांनी त्याला शुद्धी म्हणावे आणि ओंजळभर पाणी पिणाऱ्याला बाटवणारा म्हणावे! पुढे कोर्टकचेरी झाली आणि १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने निकाल आपल्या बाजूने दिला. दहा वर्षे लागली. बाबासाहेबांनी मागितले होते ते सार्वजनिक तळ्याचे पाणी. आमच्यापुरते एक निराळे तळे खोदून द्या, असे म्हणाले नव्हते. हे लक्षात ठेवून पुढचे वाचावे.

आता अगदी अलीकडची गोष्ट. सौंदत्ती म्हटले की आपल्या आया-बहिणींना यल्लम्माचा डोंगर आठवतो, आणि त्या डोंगरापायी आपल्या किती लेकींचे आयुष्य गेले तेही आठवते. त्याच सौंदत्ती तालुक्यात, बेळगाव जिल्ह्यात, हुलिकट्टी गाव आहे. १४ जुलै २०२५ रोजी तेथील सरकारी प्राथमिक शाळेतील पाणी पिऊन डझनभर मुले आजारी पडली. पाण्याच्या टाकीत कीटकनाशक ओतलेले होते. ऑगस्टमध्ये पोलिसांनी तिघांना पकडले. पोलिसांचे म्हणणे असे की, शाळेचे मुख्याध्यापक मुसलमान होते, तेरा वर्षे त्या शाळेत होते, त्यांची बदनामी होऊन बदली व्हावी म्हणून हा कट रचला गेला. त्यासाठी एका तरुणाला त्याचे परजातीतील प्रेमप्रकरण उघड करण्याची धमकी दिली गेली आणि त्याने एका लहान मुलाला खाऊ आणि पैसे देऊन त्याच्या हातून औषध ओतवले. म्हणजे बघा, वैर एका माणसाशी, भीती दुसऱ्याची, हात तिसऱ्याचा आणि उलट्या चौथ्याच्या लेकरांना. सुदैवाने मुले वाचली. पाण्याला वास येतो, चव वेगळी लागते म्हणून काहींनी तोंडातले पाणी थुंकून टाकले. त्या दिवशी लेकरांचे नाकच कामी आले.

हे सारे वाचून आम्ही गेल्या उन्हाळ्यात आमच्या एका स्नेह्याच्या गावी टाकी पाहायला गेलो. गावाचे नाव सांगत नाही, कारण असे गाव एकच नाही. गावठाणाच्या टाकीला तारेचे कुंपण, फाटक, शिडीला कुलूप. बौद्धवाड्याच्या टाकीची शिडी मोकळी, पोरे तिच्यावर चढून मोबाईलची रेंज धरतात. वर झाकण म्हणून पत्रा आणि पत्र्यावर दगड. तो दगड उचलायला आम्हाला, चाळिशी उलटलेल्या कारकुनाला, काहीही कष्ट पडले नाहीत. खाली येऊन पाण्याच्या तपासणीचे रजिस्टर मागितले. आम्ही बी.कॉम., पाण्यातले आम्हाला काय कळणार? पण रजिस्टर मात्र कळते. रोज सकाळी क्लोरिन ०.२, एकच पेन, एकच शाई, थेट महिनाअखेरपर्यंत. त्या दिवशी तारीख होती बावीस. पाणी सोडणाऱ्या पोराला विचारले तर तो बिचारा ओशाळून हसला. त्याला तीन महिन्यांचा पगार मिळाला नव्हता. त्याच्यावर राग धरावा असे आम्हाला वाटले नाही.

क्लोरिनच्या या आकड्याला मोठा अर्थ आहे, म्हणून माता-भगिनींसाठी थोडे सविस्तर सांगतो. पाण्यात टीसीएल पावडर टाकतात ती जंतू मारण्यासाठी. जंतू मारून, घाण जाळून झाल्यावरही थोडे क्लोरिन पाण्यात शिल्लक राहिले पाहिजे. भारतीय मानकाप्रमाणे ते लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम हवे. नळाच्या पाण्यात ओटीचे थेंब टाकले की पाणी पिवळे होते, तीच ती चाचणी. काल पिवळे झालेले पाणी आज तेवढीच पावडर टाकूनही पांढरेच राहिले, तर समजावे की टाकीत किंवा नळाच्या वाटेत काहीतरी घाण शिरली आहे आणि तिने क्लोरिन खाऊन टाकले आहे. पावडर जुनी, उघडी पडलेली असली तरी असे होते, म्हणून आधी पिशवी पाहावी. पण खोटा ०.२ लिहिणारे रजिस्टर ही धोक्याची घंटाच कापून टाकते. आणि ही चाचणी कीटकनाशक ओळखत नाही. तेथे नाक आणि डोळेच कामाचे. शेतात फवारायची अनेक औषधे पाण्यात पडली की पाणी दुधाळ होते आणि उग्र वास सुटतो. असे पाणी उकळून पिण्याचा विचारही करू नये. उकळल्याने जंतू मरतात, विष जात नाही.

संशय आला तर आपले लोक पहिली गोष्ट कोणती करतात? टाकी धुऊन काढतात. किळस येते, राग येतो, हे समजण्यासारखे आहे. पण पुरावाही त्याच पाण्याबरोबर गटारात जातो आणि मग वर्षानुवर्षे कोण खरे कोण खोटे हाच वाद राहतो. टाकीतून खाली येणारा व्हॉल्व्ह बंद करावा, घरोघर सांगावे, आणि टाकीला हात न लावता ग्रामसेवक, आरोग्य केंद्र व पोलीस यांना बोलवावे. नमुने त्यांच्या बाटल्यांत, त्यांच्या मोहरेने, पंचांसमक्ष घेतले जावेत आणि पंचांत वस्तीतलीही माणसे असावीत. आजारी मुलाला दवाखान्यात नेल्यावर केसपेपरवर तारीख आणि वेळ लिहून घ्यावी. तोवर टँकर मागावा, तो आपला हक्क आहे.

कायदा काय म्हणतो? १८६० च्या दंडसंहितेत सार्वजनिक झऱ्याचे किंवा जलाशयाचे पाणी घाण करणाऱ्याला फार तर तीन महिने कैद किंवा पाचशे रुपये दंड किंवा दोन्ही होते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम २७९ मध्ये ते सहा महिने आणि पाच हजार झाले आहे. आपल्या पाण्याला खरा आधार आहे तो अनुसूचित जाती व जमाती अत्याचार प्रतिबंध अधिनियम १९८९ चा. अनुसूचित जाती-जमातीचे लोक वापरतात ते पाणी बाहेरच्या कोणी नासवले, तर कलम ३ (१) (एक्स) खाली किमान सहा महिने आणि कमाल पाच वर्षे शिक्षा आहे. फिर्याद लिहिताना हे कलम लागले की नाही, ते ठाण्यातून उठण्यापूर्वी वाचून पाहावे. पाणीपुरवठ्याच्या यंत्रणेची मोडतोड झाली असेल तर सार्वजनिक मालमत्तेच्या नुकसानीचा १९८४ चा कायदाही आहे, त्यातही सहा महिने ते पाच वर्षे सक्तमजुरी आहे. अर्थात पाणी पोटात गेल्यावर कायदा येतो. त्याआधी यायचे ते कुलूप.

कुलपाला खर्च किती? लोखंडी झाकण, त्याला कडी, शिडीचे खालचे चार पाय काढून ठेवता येतील अशी सोय, हवेच्या पाइपला जाळी आणि एक दिवा. टाकी बांधण्याच्या लाखांच्या अंदाजपत्रकात हे कोठेच बसत नाही, असे आम्हाला एका अभियंत्याने सांगितले. त्यांना खरेच ठाऊक नव्हते की आम्हाला गंमत करीत होते, कोण जाणे.

पण वेंगैवयलची टाकी आठवा. कुलूप कितीही भक्कम लावले तरी वेगळी टाकी म्हणजे वेगळे निशाण. ज्या पाण्यातून आपल्याही घरी घागर भरते त्यात विष कालवायला माणूस दहा वेळा विचार करतो. १९७० च्या दशकात डॉ. बाबा आढाव यांनी ‘एक गाव, एक पाणवठा’ म्हणत महाराष्ट्रातील गावे पालथी घातली, तेव्हा प्रश्न विहिरीवर चढू देण्याचा होता. आता विहिरीची टाकी झाली, योजना आल्या, निधी आला, आणि त्याच निधीतून ‘वस्तीसाठी स्वतंत्र टाकी’ बांधून काही गावांनी जुने दोन पाणवठे काँक्रीटमध्ये पक्के करून घेतले. आपणही उद्घाटनाला टाळ्या वाजवल्या. आम्हीही वाजवल्या आहेत, खोटे कशाला बोलायचे?

आमच्या स्नेह्याच्या गावात बैठक घेतली तेव्हा हेच बोलणे निघाले. एक म्हातारी बाई म्हणाली, “दोन्ही टाक्यांना एकच पाइप जोडा की रं, मग बघू कोण वर चढतंय.” तरुण हसले, पण पाणी सोडणारा पोरगा हसला नाही. तो म्हणाला, दोन्ही टाक्या एकाच विहिरीवरून भरतात, मधले अंतर फार नाही, जोडता येतील. मग अर्ज लिहिला. त्यात तीन मागण्या आहेत: दोन्ही टाक्या जोडून पाणी एक करावे, झाकणाला दोन कुलपे लावून एक किल्ली गावठाणात व एक वस्तीत ठेवावी, आणि त्या पोराचा थकलेला पगार द्यावा. २६ जानेवारीच्या ग्रामसभेत तो ठेवायचा आहे. सह्या घेण्याचे काम बायकांनी अंगावर घेतले आहे, आणि पहिल्या आठवड्यातच गावठाणातील चार घरांनीही त्यावर सही केली आहे.