विश्लेषण : एकच राग, वेगवेगळ्या रात्री… जुन्या मैफलींच्या ध्वनिमुद्रणांची तुलना का आणि कशी करतात?

एकच गायक, एकच राग, तीच बंदिश. पण ध्वनिमुद्रणे पाच वेगवेगळ्या मैफलींची. नवख्या श्रोत्याला ती जवळपास सारखी वाटतात. मुरलेला रसिक मात्र त्यातली दोन शेजारी ठेवून तासभर बोलू शकतो. एके काळी हा छंद टेप जमवणाऱ्या मोजक्या संग्राहकांपुरता होता. आता परभणी-जिंतूर रस्त्यावरच्या झरीत बसूनही मोबाइलवर एका शोधात एकाच गायकाच्या अनेक मैफली समोर येतात. ऐकणे सोपे झाले आहे, पण ऐकतो आहोत ते कधीचे, कुठले आणि किती अस्सल, हे ठरवणे तेवढे सोपे नाही. दुसरीकडे घरोघरच्या ट्रंकांमध्ये पडलेल्या कॅसेट दरवर्षी थोड्या थोड्या खराब होत आहेत.

एकाच रागाच्या इतक्या मैफली ऐकायच्या कशासाठी?

चित्रपटगीताची एक ठरलेली प्रत असते. रंगमंचावर गाणारा त्या प्रतीच्या जवळ जाण्याचा प्रयत्न करतो. ख्यालात अशी मूळ प्रतच नसते. बंदिश म्हणजे स्थायी आणि अंतऱ्याच्या चार-पाच ओळी. पुढचे पाऊण तासाचे गाणे त्या रात्री, त्या साथीदारांबरोबर, समोरच्या श्रोत्यांसाठी घडते. आवाज लागला की नाही, तबलजीने लय किती धरली, आधीच्या कलाकाराने कोणता राग गायला, यावर बरेच काही ठरते. त्यामुळे एका मैफलीचे ध्वनिमुद्रण ऐकून त्या रात्रीचे गाणे कळते. त्या रागाबद्दलचा गायकाचा विचार कळायला मात्र तीन-चार मैफली लागतात. प्रत्येक वेळी जे येतेच, तो राग आणि घराण्याची शिस्त. एकदाच येऊन गेले, ती त्या रात्रीची सुचलेली जागा.

ही सवय गावाकडच्या श्रोत्याला नवी नाही. गंगाखेड ही संत जनाबाईंची जन्मभूमी. जनाबाईंचा एकच अभंग दोन भजनी मंडळे वेगवेगळ्या चालींत म्हणतात आणि सप्ताहात ऐकणारे त्यावर आपले मत देतात. मैफलींची तुलना हे त्याच कानाने केलेले थोडे सविस्तर काम आहे.

तबकडी आणि टेप यांत एवढा फरक का पडतो?

भारतात ध्वनिमुद्रण सुरू झाले ते १९०२ मध्ये. ७८ आरपीएमच्या तबकडीवर एका बाजूला जेमतेम तीन-साडेतीन मिनिटे मावत. तासाभराचा राग गायक तेवढ्यात बसवत. केसरबाई केरकर यांची भैरवी १९७७ मध्ये ‘व्हॉयेजर’ यानांबरोबर अवकाशात गेली, तीही साडेतीन मिनिटांचीच. पुढे एलपी आली आणि एका बाजूला वीस-पंचवीस मिनिटे मिळाली. मैफलीची खरी लांबी मावली ती स्पूल टेपवर आणि नंतर कॅसेटवर.

आकाशवाणीने १९५२ मध्ये संगीताचा राष्ट्रीय कार्यक्रम आणि १९५४ मध्ये संगीत संमेलन सुरू केले. पुण्यात सवाई गंधर्वांच्या स्मृतीसाठी १९५३ पासून महोत्सव होऊ लागला. एकाच कलाकाराचे गाणे वर्षानुवर्षे नोंदले जाण्याची सोय अशी झाली. पुण्याच्या अलूरकर म्युझिक हाऊससारख्या छोट्या प्रकाशकांनी मल्लिकार्जुन मन्सूर यांच्यासारख्यांचे गाणे कॅसेटवर आणले. बाकीचे बरेचसे गाणे खासगी टेपांवरच राहिले. परभणीला आकाशवाणीचे केंद्र आहे. मराठवाड्यात अनेक घरांत शास्त्रीय संगीत पहिल्यांदा पोहोचले ते रेडिओवरून. रेडिओला टेपरेकॉर्डर लावून केलेल्या कॅसेटही त्यामुळेच आजच्या संग्रहांत सापडतात.

तुलना करताना फसगत कुठे होते?

कुमार गंधर्वांचे उदाहरण बोलके आहे. त्यांचा जन्म १९२४चा. लहान वयातच ते नावारूपाला आले. क्षयामुळे १९४८ मध्ये ते देवासला राहायला गेले आणि सुमारे पाच वर्षे त्यांचे गाणे बंद होते. एक फुप्फुस निकामी झाल्यानंतर १९५३च्या सुमारास ते पुन्हा गाऊ लागले. आजारापूर्वीचे आणि नंतरचे गाणे ऐकून अनेक जण लगेच निष्कर्ष काढतात : श्वास कमी पडला, म्हणून छोट्या छोट्या स्वरवाक्यांची शैली आली.

पण या तुलनेत दोन्ही बाजूंची साधने वेगळी आहेत. आजारापूर्वीचा आवाज आपल्याला मुख्यतः तीन मिनिटांच्या तबकड्यांवर ऐकू येतो, नंतरचा लांबलचक टेपांवर. तबकडीवर गायक घाईत असतो. आलापाला, थांबण्याला जागाच नसते. म्हणजे ऐकू येणाऱ्या फरकातला काही भाग आजाराचा, काही वयाचा, काही विचारांचा आणि काही चक्क तबकडीचा. म्हणून जाणकार शक्यतो सारख्या माध्यमातली ध्वनिमुद्रणे समोरासमोर ठेवतात : मैफलीशी मैफल, एलपीशी एलपी.

कॅसेटची फसवणूक वेगळी. ९० मिनिटांच्या कॅसेटला एका बाजूला ४५ मिनिटे असतात. विलंबित ख्याल ऐन भरात असताना बाजू संपली, की उलटवेपर्यंतचे गाणे गेलेच. काही ऑनलाइन प्रतींत हा सांधा जोडून टाकलेला असतो. गायक अचानक मंद्र सप्तकातून तार सप्तकात गेल्यासारखा वाटतो आणि श्रोता त्याला धाडसी कल्पना समजतो.

पट्टी बदललेली दिसली तर?

टेप ठरलेल्या वेगापेक्षा सुमारे सहा टक्के जलद फिरली, की गाणे अर्धा स्वर वर जाते. काळी एकमधला गायक पांढरी दोनमध्ये गातो आहे असे भासते आणि तानाही अधिक वेगवान वाटतात. जुन्या तबकड्याही अचूक ७८च्या वेगाने कापल्या जात असत असे नाही. सेलवर चालणाऱ्या टेपरेकॉर्डरची आणखी एक गंमत आहे. ध्वनिमुद्रण करताना सेल उतरत गेले, तर टेप हळूहळू संथ फिरते. तीच टेप नंतर योग्य वेगाने वाजवली, की आवाज शेवटाकडे चढत जातो. ऐकणाऱ्याला वाटते, गायक उत्तरोत्तर रंगत गेला.

यावर मोबाइलमधले ट्यूनर अॅप उपयोगी पडते. सुरुवातीचा आणि शेवटचा षड्ज तपासावा. साथीला हार्मोनियम असेल, तर षड्ज साधारणपणे पेटीच्या एखाद्या पट्टीवर बसायला हवा. तो दोन पट्ट्यांच्या अधेमधे पडत असेल, तर टेपच्या वेगाचा संशय घ्यावा. साथीला फक्त सारंगी असेल, तर ही कसोटी लागू पडत नाही. आणि वयानुसार गायक स्वतःच पट्टी उतरवतात, हेही लक्षात ठेवावे लागते.

घरबसल्या तुलना करायची तर सुरुवात कुठून?

एक गायक, एक राग आणि दोन मैफली पुरेत. कागदावर चार गोष्टी टिपाव्यात. पहिली, विलंबित एकतालाचे एक आवर्तन किती सेकंदांचे आहे. किराणा पद्धतीच्या अतिविलंबित गायकीत बारा मात्रांना पाऊण ते एक मिनिट लागू शकते. दुसरी, गायक तार षड्जावर पहिल्यांदा कितव्या मिनिटाला थांबतो. याच आकड्यावरून त्या रात्रीच्या बढतीचा धीर कळतो. तिसरी, सरगम आणि ताना कधी सुरू होतात. चौथी, साथीदार कोण आणि समेवर येताना तबला पुढे होतो की मागे राहतो.

भीमसेन जोशी यांचे तरुण वयातले आणि साठीनंतरचे गाणे असे ऐकून पाहावे. किशोरी आमोणकर यांचा भूप एलपीवर आणि मैफलीत असा शेजारी ठेवावा. एलपीची वेळ संपत आली की काय सोडून द्यावे लागते, ते लगेच लक्षात येते.

वेळही पाहावी. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० मध्ये आले. रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत उघड्यावर ध्वनिक्षेपक बंद झाले; वर्षातल्या मोजक्या दिवशीच सरकार १२ वाजेपर्यंत सूट देऊ शकते. त्याआधीच्या रात्रभराच्या मैफलींत ललत किंवा तोडी खरोखरच पहाटे आणि सकाळी गायली जात असे, तेही आठ-दहा तास जागलेल्या श्रोत्यांपुढे. ते वातावरण आता जुन्या टेपांतच उरले आहे.

जगात असे आणखी कोण करते?

अमेरिकेतल्या ‘ग्रेटफुल डेड’ या रॉक बँडचे चाहते. १९६५ ते १९९५ या तीस वर्षांत या बँडने सुमारे २,३०० कार्यक्रम केले आणि एकच गाणे दोनदा सारखे वाजवले नाही, अशी त्यांची ख्याती. श्रोते टेपरेकॉर्डर घेऊन येत. बँडने त्यांना अडवण्याऐवजी १९८४ पासून टेप करणाऱ्यांसाठी वेगळी जागाच राखून ठेवली. अट एकच : टेपांची अदलाबदल करा, विक्री नको. कॉर्नेल विद्यापीठातल्या ८ मे १९७७च्या कार्यक्रमाची टेप इतकी गाजली, की अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने २०११च्या राष्ट्रीय ध्वनिमुद्रण यादीत तिचा समावेश केला.

तिथल्या चाहत्यांची शिस्त आपल्याकडे घेण्यासारखी आहे. प्रत्येक टेपबरोबर तारीख, गाव, सभागृह, गाण्यांचा क्रम, कोणत्या यंत्रावर ध्वनिमुद्रण झाले आणि ही कितवी प्रत आहे, एवढे लिहिलेले असते. कॅसेटवरून कॅसेट करताना प्रत्येक वेळी खरखर वाढते. त्यामुळे प्रतीचा क्रमांक महत्त्वाचा. आपल्याकडे मात्र ‘दुर्मीळ मैफल’ एवढ्याच नावाने गाणे फिरते. तारीख नाही, साथीदारांचे नाव नाही, कधी रागही चुकीचा. अशा टेपची तुलना कशाशी करणार?

कायदा काय सांगतो?

१९५७च्या कॉपीराइट कायद्यानुसार प्रकाशित ध्वनिमुद्रणावर ६० वर्षे हक्क राहतो. त्याशिवाय कलाकाराचा स्वतःच्या सादरीकरणावर स्वतंत्र हक्क असतो. त्याची मुदत ५० वर्षे. स्वतःच्या खासगी वापरासाठी, तसेच निव्वळ शिक्षण किंवा संशोधनासाठी केलेले ध्वनिमुद्रण हा कलाकाराच्या या हक्काचा भंग मानला जात नाही. पण तीच टेप सार्वजनिक चॅनेलवर टाकणे किंवा विकणे हा वेगळा विषय आहे. त्यासाठी कलाकाराची किंवा वारसांची परवानगी लागू शकते. घरात टेप असणे म्हणजे त्यावरच्या गाण्याची मालकी असणे नव्हे. अभ्यासासाठी ठेवायची असेल, तर दिल्लीची संगीत नाटक अकादमी आणि मुंबईचे एनसीपीए यांच्यासारख्या संस्थांकडे ध्वनिसंग्रह आहेत.

घरात जुन्या कॅसेट सापडल्या तर?

आधी वाजवू नका. बुरशी आलेली किंवा चिकटलेली टेप पहिल्याच फेरीत तुटू शकते. कॅसेटच्या वरच्या कडेच्या दोन छोट्या पट्ट्या मोडून टाकल्या, की चुकून त्यावर दुसरे काही रेकॉर्ड होत नाही. कॅसेट, तिचे कव्हर आणि त्यावरचे हस्ताक्षर यांचे मोबाइलवर फोटो काढा. यंत्राचे हेड स्वच्छ करून, टेप एकदाच, पूर्ण आणि न थांबता संगणकावर घ्या. फाइल डब्ल्यूएव्ही स्वरूपात ठेवा आणि तिची एक प्रत दुसरीकडे ठेवा.

मूळ फाइलवर खरखर काढण्याचा प्रयोग करू नका. तंबोऱ्याचा अखंड झणकार सॉफ्टवेअरला खरखरीसारखाच वाटतो आणि तोही पुसला जातो. सुरुवातीचे निवेदन, वाद्य जुळवणे, मधला टाळ्यांचा आवाज, गायकाचे दोन शब्द यातले काहीही कापू नका. टेप कधीची आणि कुठली हे अनेकदा त्यावरूनच ठरते.

कीर्तनाच्या, भजनाच्या, गावातल्या सप्ताहाच्या कॅसेटना हेच लागू आहे. नामवंत गायकाच्या मैफलीची दुसरी प्रत कुठे तरी मिळेलही. गावच्या मृदंगवादकाची किंवा कीर्तनकाराची मात्र ती एकमेव असू शकते. त्या रात्री हजर असलेले कुणी घरात किंवा गावात असेल, तर टेप त्यांना ऐकवून साल, ठिकाण आणि साथीदारांची नावे आजच लिहून घ्यावीत. टेपवरचा आवाज यंत्र उतरवून देईल, पण पेटीवर कोण बसले होते हे त्यांच्याशिवाय कुणी सांगू शकणार नाही.