संकटाचा इशारा घरोघरी

मुळशी तालुक्याचा पश्चिम भाग सह्याद्रीच्या कड्यालगत वसलेला आहे. जुलै २०२४ मध्ये ताम्हिणी घाटात एका दिवसात ५०० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडला. अशा पावसात दरडी कोसळतात, ओढे फुगतात व वाटा बंद होतात. वाड्या डोंगरउतारावर विखुरलेल्या असल्यामुळे दवंडी साऱ्यांच्या कानी पडत नाही.

वर्दी पोहोचण्याचे साधन नसल्यास काय होते, हे याच जिल्ह्याने पाहिले आहे. ३० जुलै २०१४ रोजी आंबेगाव तालुक्यातील माळीण गावावर डोंगर कोसळला व दीडशेच्या आसपास माणसे दगावली. गाव गाडले गेल्याची वार्ता बाहेर पोहोचली, ती त्या बाजूस गेलेल्या एस. टी. चालकामुळे.

ही उणीव दूर करण्यासाठी पुणे जिल्ह्यात ग्राम सुरक्षा यंत्रणा उपयोगात आणण्यात आली. तिची रीत सोपी आहे. गावकऱ्यांचे भ्रमणध्वनी क्रमांक आधी नोंदवून ठेवावयाचे असतात. संकटप्रसंगी नोंदणी झालेल्या व्यक्तीने १८००२७०३६०० या निःशुल्क क्रमांकावर निरोप सांगितला, की तो तिच्याच आवाजात इतर नोंदलेल्या क्रमांकांवर ऐकू जातो. निरोप कानाने ऐकावयाचा असल्याने निरक्षर माणसासही तो कळतो. साधा भ्रमणध्वनीही पुरतो.

निरोप मोजका असावा. प्रथम आपले नाव व वाडी, मग घटना, शेवटी लोकांनी काय करावे ते सांगावे. उदाहरणार्थ : “ओढ्याचे पाणी साकवावर आले आहे, जनावरांची दावी सोडा आणि शाळेकडे चला.” पोलीस वा अग्निशामक दलाची मदत हवी असल्यास ११२ व रुग्णवाहिकेसाठी १०८ हे क्रमांक आहेत.

विजेच्या बाबतीत पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेने तयार केलेले ‘दामिनी’ हे ॲप शेतकऱ्यास उपयुक्त आहे. आसपासच्या २० ते ४० किलोमीटर परिसरातील विजेची सूचना ते देते. सूचना मिळताच शेतातील काम थांबवून पक्क्या घरात जावे. झाडाखाली थांबू नये.

तथापि नोंदवहीत क्रमांक नसेल, तर निरोप त्या घरी पोहोचणार नाही. यास्तव गावपातळीवरील कार्यकर्त्याने मृग नक्षत्रापूर्वी पोलीस पाटलासमवेत नोंदणी तपासावी व बदललेले क्रमांक दुरुस्त करावेत. ज्या वस्तीस संपर्काची लहर मिळत नाही, तेथे धावत जाऊन वर्दी देण्यासाठी दोन तरुण आधीच नेमून ठेवावेत.